पासवर्डनंतरची ओळ

"तुम्हीच दाबा," असं म्हणून ते कीबोर्ड आपल्याकडे सरकवायचे आणि स्वतः दोन पावलं मागं जाऊन हाताची घडी घालून उभे राहायचे. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून बोलावलं, त्यांनी येऊन दुरुस्त केला, आपण पासवर्ड टाकला, आता फक्त एंटर मारायचं राहिलं, तरी ते काही त्या बटणाला बोट लावायचे नाहीत. मला आधी वाटायचं, काही नवस बोललाय की काय यांनी! दुकानाच्या उद्घाटनाला बोलावल्यासारखी मी बोट पुढं करायची.

चाकणला आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनवते. मी क्वालिटीत. लग्न होऊन धाराशिवकडून रहाटणीत आले आणि इथल्याच नोकरीला चिकटले. ते आमचे कॉम्प्युटरवाले काका. तुमच्याकडेही असा एखादा असेलच बघा. सगळं सुरळीत असलं की कुणाला त्याची आठवण नाही, आणि जरा काही अडलं की सगळे त्याच्याच नावानं ओरडतात.

आमची जुनी सिस्टिम ज्या कुणा परदेशी इंजिनियरांनी बनवली, त्यांना भारी हौस होती. पासवर्ड टाकला की कामाचा पडदा उघडायच्या आधी एक इंग्रजी ओळ झळकायची, दर वेळी वेगळी. काका सांगायचे, फार पूर्वी मोठाल्या कॉम्प्युटरांवर रात्रंदिवस काम करणाऱ्या मंडळींनी एकमेकांची गंमत करायला हे सुरू केलं, आणि मग ते खूळ एका सिस्टिममधून दुसरीत जात राहिलं. आमच्यापर्यंत खूळ पोचलं, गंमत मात्र वाटेतच राहिली. त्या ओळी कुणी वाचायचंच नाही.

वाचली ती एकदाच, डिस्पॅचच्या बबनरावांनी. बबनराव कंपनीच्या मागच्याच गावचे, आवाज मोठा, माणूस मायाळू. एका सकाळी त्यांच्या स्क्रीनवर जी ओळ आली तिच्यात 'डेंजर' असा एक शब्द होता. झालं! त्यांनी ट्रक भरणं अर्ध्यात थांबवलं, माणसांना बाहेर काढलं आणि सगळ्यांना गेटपाशी उन्हात उभं केलं. ओळ निघाली मांजरावरच्या विनोदाची. साहेब तावातावानं आले तेव्हा बबनराव म्हणाले, "डेंजर लिवलंय म्हणल्यावर काय वाचत बसायचं व्हय? आमी आधी मान्सं भायेर काढली."

साहेबांनी काकांना बोलावून हे खूळ बंद करायला सांगितलं. काकांनी मान डोलावली. पण बंद केलं नाही. इंग्रजी ओळी पुसल्या आणि त्यांच्या जागी मराठी भरल्या.

पुढच्या सोमवारी मी पासवर्ड टाकला आणि समोर आलं, 'आधी घाम पुसा. कोणी फोटो काढत नाहीये.' मी खरंच ओढणीनं तोंड पुसलं! शेजारच्या टेबलावर आलं, 'उशीर झालाच आहे, तर आता घाई कशाला?' दुपारपर्यंत अख्ख्या कंपनीला वेड लागलं. लोक उगाच सिस्टिममधून बाहेर पडून पुन्हा पासवर्ड टाकायला लागले, नवीन काय येतंय बघायला. ज्याला जे येईल ते तो दिवसभर चारचौघांना ऐकवत फिरायचा.

एकदा परदेशातले साहेब तपासणीला आले होते. त्यांच्यासमोरच स्क्रीनवर आलं, 'बसा जरा. काम कुठं पळून जात नाही, मी दार लावलंय.' त्यांनी विचारलं, हे काय लिहिलंय? आमच्या साहेबांना दरदरून घाम फुटला. त्यांनी ठोकून दिलं, की कामगारांच्या सुरक्षेची सूचना आहे. पाहुण्यांनी कौतुकानं मान हलवली. काका कोपऱ्यात उभे राहून जमिनीकडे बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

एरवी माणूस अगदी एकटा. कॅन्टीनमध्ये खांबाआडच्या टेबलावर बसून खानावळीचा डबा खायचे. मी एकदा माझा डबा घेऊन सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, की काका, एवढ्या ओळी आणता कुठून, मोबाइलवर येतात का?

"नाही हो ताई. आमच्या घरातल्याच आहेत," ते म्हणाले.

मग हळूहळू सांगितलं. त्यांची बायको आदल्या वर्षी पोटाच्या आजारानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. ती बाई म्हणे अशीच बोलायची, दूधवाल्याशी, पाहुण्यांशी, यांच्याशी. ती गेल्यावर यांनी जेवढं आठवलं तेवढं सगळं मशीनमध्ये भरलं होतं. आमची अख्खी कंपनी एका गेलेल्या बाईच्या बोलण्यावर हसत होती, आणि तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

"मी आठवायला बसलो तर काय आठवणार ते मला आधीच माहीत असतं," ते म्हणाले. "मशीन काढतं तेव्हा माहीत नसतं. तीही तशीच होती. कधी काय बोलेल, नेम नाही. आणि दुसऱ्या कुणी बटण दाबलं की ती आपणहून बोलल्यासारखी वाटते. मी दाबलं तर मीच तिला बोलायला लावलं, असं होतं."

मी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांच्या डब्यात वाढली.

त्यानंतर मी मुद्दाम दिवसातून एकदा तरी माझा कॉम्प्युटर बिघडवायची. बबनरावांनाही मी हे सांगितलं होतं. ते तर काकांना लांबून हाका मारून बोलवायचे आणि ओळ आली की सगळ्या डिस्पॅचला ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचायचे. लोक हसले की काकांचा चेहरा उजळायचा. तेवढ्यावर त्या माणसाचा दिवस निघायचा, हे मी पाहिलंय.

मग हेड ऑफिसनं नवीन सिस्टिम आणली. सगळं नवं, सगळं बाहेरून चालणारं. काका कधी कुणाकडं काही मागायचे नाहीत, पण तेव्हा ते नवीन सिस्टिमवाल्यांच्या मागं लागले. एका ओळीपुरती जागा द्या, म्हणाले. पडद्याच्या अगदी खाली चालेल, अक्षर बारीक चालेल. त्यांनी सांगितलं, नियमात बसत नाही. काका साहेबांकडं गेले. साहेब वाईट नव्हते, त्यांनी दोनदा वर विचारून पाहिलं. वरूनही नाहीच म्हणाले. ज्या दिवशी जुनी सिस्टिम बंद झाली, त्या दिवशी सकाळपासून लोक पासवर्ड टाकून टाकून ओळी वाचत होते. काका एकेका टेबलापाशी जाऊन मागं उभे राहत होते. एव्हाना त्या ओळी कुणाच्या ते सगळ्यांना कळलं होतं, कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. बघवत नव्हतं.

बबनरावांनीच साहेबांना गळ घालून एक जुना कॉम्प्युटर ओळींसकट काकांना घरी न्यायला मिळवून दिला. "घरी लावा की काका," ते म्हणाले. "वयनी घरीच ऱ्हातील."

काका लवकरच रिटायर झाले. एका रविवारी मी आणि आमचे हे पुनावळ्याला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. कॉम्प्युटर जेवायच्या टेबलावर होता, त्यावर टॉवेल टाकलेला. मी विचारलं, लावता की नाही? म्हणाले, पहिले काही दिवस लावला. "इथं मीच दाबतो आणि मीच वाचतो. ती एकट्या माणसापाशी असं बोलायचीच नाही, ताई. चार जण जमले की तिला सुचायचं." आम्ही एकेकदा दाबून पाहिलं, ते हसलेही. पण आम्ही निघालो तेव्हा लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ते दारात उभे होते.

आता काका नाहीत. गेल्या थंडीत गेले. त्याआधीची शेवटची भेट तेवढी सांगते.

पहिली शिफ्ट सुटली की आमच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर गर्दी होते. तिथल्या बाकावर काका बसलेले दिसायला लागले. पुनावळ्याहून निगडी, निगडीहून दुसरी बस, एवढा खटाटोप करून यायचे. चहा घ्यायला आलो होतो, म्हणायचे. कशाला येतात ते मला समजत होतं. कंपनीतले जुने लोक अजून अधूनमधून त्या ओळी बोलून जायचे. पण जुने कमी होत चालले होते. कॉन्ट्रॅक्टची माणसं येत होती, जात होती. काका कान देऊन बसायचे, आणि बरेचदा नुसता चहा पिऊन परत जायचे.

त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसले होते. समोर परभणीकडचे दोन फिटर उभे होते, नवीनच लागलेले. एकाचं सुपरवायझरशी वाजलं होतं आणि तो डबा उघडायला तयार नव्हता. दुसरा त्याला म्हणाला, "रुसायचंय तर जेवून रूस बाबा. उपाशी माणसाला कुणी मनवत नसतंय, लोकांना वाटतं भूक लागली."

काका एकदम हसायला लागले. चहा सांडला, चष्मा काढून डोळे पुसले, तरी हसू थांबेना. मी त्या फिटरला विचारलं, हे कुणाकडून ऐकलं? त्यानं खांदे उडवले. कंपनीत सगळेच म्हणतात की, म्हणाला.

"पहिलं वाक्य तिचं आहे," काका मला म्हणाले. "रुसायचं असेल तर जेवून रुसा, एवढंच म्हणायची. पुढचं तिनं कधीच म्हटलेलं नाही. मला हे माहीतच नव्हतं, ताई."

मग माझा हात धरून त्यांनी विचारलं, "म्हणाली असती ना ती असं?"

मी त्या बाईचा फोटोसुद्धा कधी पाहिला नव्हता.

"म्हणाली असती, काका," मी सांगितलं. "अगदी असंच."

बस आली. गर्दीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. बस वळेपर्यंत मी बघत होते, त्यांचे ओठ हलत होते. ते ती ओळ पाठ करत होते.