आण्णांनी मोजलेलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात तापट माणसं दोन. एक मी आणि एक आण्णा, म्हणजे माझे वडील. आमचं वाजलं की आई शांतपणे खिडक्या लावून घ्यायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पण गेल्या वर्षी आण्णांनी उद्यमनगरातलं आपलं वर्कशॉप विकलं आणि त्यांचा रागच बंद झाला. गुडघे साथ देईनात, लेथपुढं उभं राहवेना, म्हणून शेजारच्या शेडवाल्याला मशिनींसकट सगळं देऊन टाकलं. त्यानंतर ते त्या गल्लीकडं फिरकलेसुद्धा नाहीत. सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी गॅलरीतली खुर्ची. चहा गार आला तरी तसाच पिऊन टाकायचे. मला त्यांच्या आरडाओरड्याची कधी भीती वाटली नव्हती, या गप्प बसण्याची वाटायला लागली.

अशात मी गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचं ठरवलं. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं करते, तिशी ओलांडली आहे आणि गेम खेळते. यातल्या तिसऱ्या गोष्टीचं लोकांना एवढं काय नवल वाटतं, ते मला आजवर कळलेलं नाही. राजारामपुरीतल्या दुकानातून सगळे पार्ट आणायचे होते आणि स्कूटरवर खोकी धरून बसायला कुणीतरी हवं होतं. आण्णांना म्हटलं, चला. ते चपला घालून दारात उभे राहिले.

दुकानदारानं माझी यादी वाचली आणि आण्णांकडं बघून विचारलं, "पावणं, पोरासाठी घेताय व्हय?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले असणार, कारण पलीकडं प्रिंटर बघणारं जोडपं वळून बघायला लागलं.

यादीसाठी मी महिनाभर डोकं फोडलं होतं. तगडा प्रोसेसर घ्यावा तर ग्राफिक्स कार्ड हलकं घ्यावं लागत होतं, आणि गेम चालतात ते मुळात कार्डाच्या जिवावर. शेवटी कार्ड मोठं आणि प्रोसेसर मधला, असं ठरवून मदरबोर्ड त्याला जुळणारा निवडला होता. एका पॉवर सप्लायवर मात्र घोडं अडलं होतं. दुकानदारानं दोन समोर ठेवले आणि त्यातल्या चकचकीत डब्याची तारीफ सुरू केली. आण्णा इतका वेळ काउंटरला टेकून उभे होते. त्यांनी दोन्ही बाहेर काढायला लावले, एकेक तळहातावर घेतला, खालीवर केला.

"ह्यो घे. ह्यात माल हाय. त्यात नुसतं वारं हाय."

"तसं वजनावर घ्यायचं नसतंय की, पावणं," दुकानदार हसला.

"मग कशावर घ्यायचं? डब्यावरच्या चित्रावर?"

हा आवाज मी वर्षभरानं ऐकत होते. मला एवढा आनंद झाला की मी मुद्दाम चकचकीत डब्याची बाजू घेतली. पाच मिनिटं आम्ही भांडलो आणि मी हरले. तो वजनदार डबाच खरा चांगला होता, हे मला आधीपासून माहीत होतं.

मग त्यांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. प्रोसेसर किती तापतो, पंखा वारा कुठून घेतो आणि कुठं सोडतो, सगळं विचारून झालं. रंगीत दिवे लागणारी रॅम बघून म्हणाले, "गणपतीची आरास करायची हाय काय गं?" मी दिवेवालीच घेतली. तिथं मी मागं हटणार नव्हते. दुकानदारानं चहा मागवला आणि आमचं भांडण संपायची वाट बघत बसला.

खरा घोटाळा हे सगळं ज्यात बसवायचं त्या कॅबिनेटपाशी झाला. काचेची बाजू असलेलं पांढरं कॅबिनेट मी केव्हाच मनात पक्कं केलं होतं. आण्णांनी त्याच्या पाठीवर अंगठा दाबला, पत्रा टप्पकन आत गेला आणि बाहेर आला.

"पापड हाय ह्यो. कॅबिनेट मी करतो."

नको, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ते पांढरं कॅबिनेट मनातून पुसून टाकलं. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, वाटलंच.

घरी येताच माळ्यावरची टूलबॉक्स खाली उतरली. आण्णांनी मदरबोर्ड मोजला, पॉवर सप्लाय मोजला, आणि ग्राफिक्स कार्ड तर व्हर्निअर लावून तीन तीनदा मोजलं. पत्रा आणायला मात्र उद्यमनगरात मला पाठवलं. "तूच जा," एवढंच म्हणाले. पुढचे दहा दिवस गच्चीवर कापणं, ठोकणं, कानस मारणं चाललं. मी सुट्टीच्या दिवशी पत्रा धरायला बसायचे आणि वाकडा धरला म्हणून बोलणी खायचे. मीही उलट बोलायचे. आई खालून ओरडायची की वाळत घातलेल्या कपड्यांवर लोखंडाचा कीस पडतोय. घरात तीन माणसं एकाच वेळी ओरडत होती आणि मला फार बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी जोडणी केली. प्रोसेसर बसला, दिवेवाली रॅम बसली, मदरबोर्डाची भोकं एकन् एक जुळली. कार्ड जागेवर असं गेलं की आण्णांनी नुसती भुवई उडवली. मग मी पॉवर सप्लायची वायर कार्डाला लावली. कार्डाच्या कडेला तो प्लग दोन बोटं बाहेर आला. बाजूचं झाकण लागेना.

चूक अगदी आण्णांचीच होती, दुसरा कुणी ती केलीच नसती. जॉबमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाला करून दिलेल्या पार्टमध्ये, केसाएवढी फट राहिली तर तो परत येतो, याच धाकात त्यांचं आयुष्य गेलं. कार्ड आणि झाकण यांच्यामध्ये त्यांनी दोन मिलिमीटरसुद्धा सोडले नव्हते. मोजताना वायर खोक्यातच होती.

त्यांनी झाकण भिंतीला टेकवलं आणि हात पुसले. "झालं वय आता," म्हणाले आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

आता हा माणूस त्या खुर्चीतून परत उठायचा नाही, असं वाटलं. आणि मी घाबरले की मला रागच येतो.

"वय कसलं झालंय? चुकलाय तुमी!" मी ओरडले. "वर्कशॉपात जॉब चुकला तर काय करत होता? खुर्चीत बसत होता काय?"

आईनं खिडक्या लावल्या.

आण्णांनी उठून झाकण परत हातात घेतलं. मग म्हणाले, "झाकणाला तिथं फुगवटा काढावा लागंल. हातानं ठोकून यायचा न्हाय. प्रेस लागती, तिच्यासाठी साच्याची डाय करावी लागती." झाकण खाली ठेवत म्हणाले, "गाडी काढ उद्या."

सोमवारी सकाळी त्यांना त्यांच्याच जुन्या शेडच्या दारात सोडलं. उंबऱ्यावर ते थबकले. आतून नवा मालक हात पुसत आला, "या की आण्णा, वर्ष झालं वाट बघतोय," म्हणाला आणि लेथपुढं एक उंच स्टूल आणून ठेवलं. डायला चार दिवस लागतील, असं आण्णांनी मला दारातूनच सांगितलं.

याला आता तिसरा आठवडा चालू आहे. मी एका बाजूनं उघड्या कॉम्प्युटरवर गेम खेळते. आण्णा रोज दहाला जातात, सहाला तेलकट हातांनी येतात आणि तिथल्या पोरांना काम कसं येत नाही ते जेवताना मोठमोठ्यानं सांगतात. परवा ते डबा विसरून गेले म्हणून मी द्यायला गेले. स्टुलावर बसून ते कुठलासा जॉब मोजत होते, पाठ माझ्याकडं होती. कोपऱ्यात माझं झाकण उभं होतं. फुगवटा काढलेला, रंग दिलेला, वाळून खडखडीत झालेला.

मी डबा बाकड्यावर ठेवला आणि तशीच निघून आले.

रात्री जेवताना आण्णा ताटाकडं बघत म्हणाले, "झाकणाला अजून चार दिवस जातील की गं."

"जाऊ देत की," मी म्हणाले.