पडद्यावरची नागफणी

वराळ्याचा इनायत बारा वर्षं एका नाटक मंडळीचे पडदे रंगवत होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, कैदखाना, सगळं त्याच्या हातचं. मग बोलपट आले, मंडळीची गर्दी ओसरली आणि १९३४ साली मालकांनी सामान विकायला काढलं. इनायतच्या वाट्याला आपले ब्रश आणि रंगाचे चार डबे आले. ते घेऊन तो लोणावळ्याला सासुरवाडीत येऊन राहिला.

वर्षभर त्यानं पडेल ते काम केलं. बंगल्यांच्या फाटकांवर नावं लिहिली, टांग्यांवर मोर काढले. चूल पेटत होती, पण मन कशात लागेना.

"आभाळ काढून वरीस झालं बघ," तो बायकोला म्हणाला.

अमिना एका बंगल्यात धुणं करायची. ती म्हणाली, "आमच्या बंगल्यातली मानसं आठ दिस ऱ्हायली. धुक्यापायी नागफणीचा कडा काय दिसला न्हाई. चरफडत गेली. त्यास्नी पडद्यावर काडून दावा की!"

इनायत दुसऱ्याच दिवशी बाजारपेठेतल्या दत्तोबांच्या फोटो स्टुडिओत गेला. तिथला, गिऱ्हाइकांच्या मागं टांगायचा बागेचा पडदा विरून गेला होता. दत्तोबांनी कापड दिलं. पंधरा दिवस खपून इनायतनं नागफणीचा कडा उभा केला: हिरवी दरी, तांबडी माती, निळंभोर आभाळ.

पण फोटो धुऊन निघाला तेव्हा माती डांबरासारखी काळी आणि आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं!

"कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत, इनायतभाऊ," दत्तोबा हळूच म्हणाले. "उजेड आणि सावली, एवढंच कळतं."

"मग कोळशानं काडू व्हय?" इनायत तडकला आणि निघून गेला.

तीन दिवस तो फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला, फोटो आणि पडदा शेजारी ठेवून बसला. कोणता रंग फोटोत कसा उतरला ते एकेक ताडून पाहिलं. मग काजळी आणि सफेदा कालवून त्यानं करड्या रंगाच्या बारा छटा केल्या आणि सगळा पडदा पुन्हा रंगवला. या खेपेला दरीच्या तळाशी आगगाडीचा धूरही सोडला.

श्रावणात मुंबईचं एक कुटुंब आलं. बाहेर चार हातांवरचं दिसत नव्हतं. पडद्यापुढे खुर्ची मांडली, तशी त्यांच्यातली म्हातारी मागं पाहून दचकली.

"अगंबाई! कड्याच्या इतक्या जवळ नको बसवू मला!"

दत्तोबांना हसू आवरेना. इनायतनं मान वळवली. त्याचे डोळे भरून आले होते.

त्या पावसाळ्यात स्टुडिओपुढे छत्र्यांची रांग लागायची. दर फोटोमागे इनायतचा पैशांत वाटा ठरला. पुढच्या साली खंडाळ्याच्या आणि पनवेलच्या फोटोवाल्यांनीही पडदे सांगितले. फाटकांवरची नावं त्यानं सोडली नाहीत, पण आता ती सवडीनं लिहायचा.

हिवाळ्यात कार्ल्याचा रखमाजी आला. जत्रेत गावकरी नाटक करणार होते.

"कापड आमचं, रंग आमचा, वर पोतंभर आंबेमोहोर," तो संकोचून म्हणाला. "पैसं मातुर न्हाईत, भाऊ."

"कोनचा परवेश हाय?"

"सांज व्हत आली, आन राजा वनवासाला निगालाय."

इनायतनं पिशवी खांद्याला लावली. कार्ल्याच्या देवळाच्या ओवरीत पंधरा हात कापड पसरून तो गुडघ्यांवर बसला आणि मावळतीचं आभाळ भरू लागला. शेंदरी, जांभळा, गुलाबी, वर भडक लाल. दुपारच्या जेवणाला रखमाजीनं तीनदा हाक मारली.

"येतो रं," इनायत मान वर न करता म्हणाला. "आदी आनखी तांबडा आना."