सुरतमध्ये ऐकणारा एक

माझ्या साडूंना मी गेल्या वीस वर्षांत एकदाच पाठ टेकून बसलेलं पाहिलं. ते खुर्चीच्या कडेवर बसतात, तेही लवकर उठता यावं म्हणून. चहा उभ्याने पितात, जेवताना एक गुडघा वर ठेवतात, आणि झोपेबद्दल त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी अक्का, म्हणतात की ती त्यांनी अजून नीट पाहिलेली नाही. आम्हा दोघांची सासुरवाडी असोद्याची. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी दोन्ही जावयांना ओट्यावर लोड लावून बसवलं, तर पाचव्या मिनिटाला साडू गायब. शोधायला गेलो तर हे विहिरीवर, सासऱ्यांची चांगली चालू असलेली मोटार खोलून, तिचे सगळे भाग पोत्यावर मांडून बसलेले. मी विचारलं, हे काय? "पाव्हना, तिना आवाज बरोबर नव्हता," ते म्हणाले. ती दिवाळी संपेपर्यंत मळ्याला पाणी मिळालं नाही. नंतर मात्र मोटार अशी काही चालायला लागली की सासरे पाहुण्यारावळ्यांना ती ऐकायला विहिरीवर नेत असत.

धुळ्यात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, घर जवळच्याच खेड्यात. तारेचे वेढे मोजताना ते गातात, आणि मधे कुणी हाक मारली तर वेढाही चुकतो आणि सूरही, मग गिऱ्हाईकाला दोन्ही पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. पण एके काळी हा माणूस खरोखरीचा गवई होता. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ लग्नाच्या बँडमध्ये गात. हळदीचं त्यांचं एक गाणं होतं, साडूंनीच रचलेलं. त्यात थोरल्याने विचारायचं, हळद कुणी दळली, मांडव कुणी घातला, पाणी कुणी आणलं, नवरीला कुणी सावरलं. आणि धाकट्याने त्या घरच्या माणसांची नावं गुंफून उत्तरं द्यायची. प्रश्न तेच, उत्तरं दर लग्नात नवी. धाकटा लग्नघरात शिरला की आधी सगळी नाती विचारून घ्यायचा, आणि गाण्यात आत्यापासून पाणक्यापर्यंत कुणाला सोडायचा नाही. आपलं नाव कधी येतं म्हणून म्हातारी माणसंही जागा सोडत नसत.

पाचोऱ्याला एका लग्नात धाकट्याने उत्तरात नवरीच्या काकाचं नाव घेतलं. तो काका आणि ते घर यांचं बोलणं बंद होतं, त्याला पत्रिकासुद्धा दिलेली नव्हती. मांडवात गलका झाला. नवरीचा बाप तावातावाने बँडच्या गाडीकडे आला, आणि साडूंनी, ज्यांना कुठलीही गोष्ट क्षणभर थांबून करणं ठाऊकच नाही, चालू गाण्यात धाकट्याच्या हातातला माईक हिसकावून घेतला. धाकटा एवढंच म्हणाला, "काका तं काकाच शे ना भो." मग गाडीवरून उतरला आणि मांडवाच्या उलट्या दिशेने चालत गेला. पुढच्या आठवड्यात तो सुरतला यंत्रमागावर लागला. त्याला आता अकरा वर्षं झाली. दोघांच्या बायका फोनवर एकमेकींशी रोज बोलतात, पोरांची लग्नं, लोणची, दुखणी सगळं इकडून तिकडे जातं, पण भावाभावांत एक शब्द नाही.

दोन वर्षांपूर्वी अक्कांच्या तोंडून साडूंना कळलं की धाकटा मागाच्या खडखडाटात दिवसभर कानात इयरफोनची बोंडं घालून गाणी ऐकतो. स्वतः गाणं निवडत नाही. खानदेशी गाण्यांची कुणीतरी केलेली यादी मोबाईलवर लावतो, आणि जे येईल ते ऐकतो. झालं. त्या दिवसापासून साडूंच्या डोक्यात यादी शिरली. हळदीचं गाणं रेकॉर्ड करायचं, ते त्या यादीत घुसवायचं, आणि धाकट्याच्या कानात सोडायचं. मी म्हटलं, साडूभाऊ, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मेसेजवर पाठवून द्या. ते खुर्चीच्या कडेवरून उठलेच. "मी धाडं तं मी नमनू. लिस्टमा उनं तं त्याना कानवर आपोआप पडनं. त्यामा मन्हा काय दोष?" म्हणजे आपण पाठवलं तर आपण नमलो, यादीतून आपोआप आलं तर नाही. अक्का म्हणाल्या, मी जावेला सांगते. त्यांनाही तंबी मिळाली, एक अक्षर सांगायचं नाही.

रेकॉर्डिंग आमच्या जळगावात झालं, मी सोबत होतो. साडूंनी आपले चारही प्रश्न गायले आणि प्रत्येक प्रश्नानंतर गप्प उभे राहिले. मागे नुसती ढोलकी आणि क्लॅरिनेट वाजत होतं. रेकॉर्ड करणाऱ्याने काच ठोठावून विचारलं, काका, इथं काही राहिलं का? साडू म्हणाले, राहिलंय, पण ते तसंच ठेवा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं, कारण साडूंसमोर कुणी हळवं झालेलं त्यांना चालत नाही, ते लगेच पाणी आणायला धावतात.

यापुढचे सहा महिने त्यांनी स्वतःला आणि आम्हाला बसू दिलं नाही. गाणं त्या यादीच्या ऍपवर चढवायचं म्हणजे आधी फॉर्म भरायचा, आणि त्यात गाण्याचा मूड सांगायचा. आनंदी, दुःखी, शांत, यातलं एक. साडूंनी मला कचेरीत चार फोन केले. "पाव्हना, हयदना गानामा नवरी रडस नी बाकीना नाचतस. मंग मूड कोना लिखाना?" मी म्हटलं, नाचणाऱ्यांचा लिहा, ते जास्त असतात. त्यांना ते पटलं नाही. दोन दिवस त्यांनी तो रकाना रिकामा ठेवला आणि शेवटी शांत लिहिलं, जे त्या गाण्यात आणि त्या घरात कुणीच नव्हतं.

गाण्याला प्रकाशनाची तारीख मिळाली, पण यादीत घेण्याबद्दल उत्तर आलं नाही. मग त्यांनी यादी करणाराच शोधून काढला. पुण्यात राहणारा एक तरुण मुलगा निघाला. आपल्याकडे कुठलंही काम अडलं की माणूस आधी गाव विचारतो आणि मग नातं काढतो, तसं साडूंनी त्याला फोन करून पहिलाच प्रश्न टाकला, "मूळना कोठला शेतस तुम्ही?" तो खानदेशचाच होता, पण नातं काही जुळेना. साडूंनी त्याच्या आजोळापर्यंत जाऊन पाहिलं. शेवटी नात्याची कसर वांग्यांनी भरून काढायची ठरली. असोद्याहून भरिताची वांगी मागवली, निवडून, पुसून, पेंढ्यात ठेवून, बसने पुण्याला पाठवली. आठ दिवसांनी त्या मुलाचा मेसेज आला. वांगी फार छान होती, आईने भरीत केलं होतं. गाणं मात्र यादीत बसत नाही, कारण त्यात मधे मधे गाणंच नाही.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. साडूंनी कुठून तरी ऐकलं की पहिल्याच दिवशी पुष्कळ लोकांनी गाणं ऐकलं तर ऍप ते आपणहून पुढे ढकलतं. पुष्कळ लोक जमवायचे म्हणजे काय करायचं, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. त्यांनी पत्रिका छापल्या. वर गणपती, खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून हळदीचे गीत शुक्रवारी सकाळी दहा वाजता मोबाईलवर प्रकाशित होत आहे, तरी आपापल्या घरी सहकुटुंब सहपरिवार श्रवण करावे, हे अगत्याचे निमंत्रण', आणि कोपऱ्यांना हळदकुंकू. ते गावोगाव मोटारसायकलने फिरले, प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवून आले. चहाला मात्र कुठेही बसले नाहीत, आणि त्याचा राग अजून दोन गावांत आहे.

पत्रिका आली म्हणजे जावं लागतं. शुक्रवारी सकाळी नऊलाच साडूंच्या अंगणात माणसं उतरायला लागली. आपापल्या घरी ऐकायचं आहे हे छापलेलं असूनही कुणी वाचलं नव्हतं, पत्रिकेवरची तारीख आणि वेळ सोडून आपण काय वाचतो? दहापर्यंत अंगण भरलं. अक्कांनी मला बाजूला घेऊन विचारलं, जेवायचं काय? मग शेजारपाजारच्या बायका जमल्या, बट्ट्यांची कणीक भिजली, वरण चुलीवर चढलं, वांगी होतीच. आणि जेवण होईपर्यंत आलेल्या मंडळींनी आपलं कर्तव्य केलं. साडूंच्या घरच्या एकाच वायफायवर सगळ्यांनी गाणं लावलं. एक संपलं की दुसरं नाही, तेच. जेवायला बसताना मोबाईल ओट्यावर रांगेत चालू ठेवून बसले. एकाने तर संध्याकाळपर्यंत तो गोठ्यात टांगून ठेवला, तेवढीच साडूंना मदत. ज्याला ज्याला साडूंनी कधी मोटार दुरुस्त करून दिली होती, तो तो त्या दिवशी उपकार फेडत होता.

तीन दिवसांनी ऍपकडून पत्र आलं. एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, तेच गाणं सारखं वाजवलं गेलं आहे. हे ऐकणारे खरे नसल्याने गाणं काढून टाकण्यात येत आहे. मी ते पत्र मराठीत करून पारावर वाचून दाखवलं. साडूंच्या भाऊबंदांतले एक आबा काठी टेकत पुढे आले. "मी सोता उनू, सोता जेवनू, सोता ऐकं," ते शांतपणे म्हणाले. "मंग मी खोटा कसा?" साडू पाराला एक फेरी मारून आले, मग दुसरी, मग तिसरी. त्या दिवशी मला त्यांचं हसू आलं नाही. ज्या एका माणसासाठी हे सगळं केलं, तो सोडून सगळ्यांनी गाणं ऐकलं होतं.

पुढच्या महिन्यात त्यांनी गाणं पुन्हा चढवलं, नवा फॉर्म, नवं चित्र. या वेळी मूडच्या रकान्यात त्यांनी दुःखी लिहिलं. पत्रिका नाहीत, बोभाटा नाही. उलट सगळ्या नातलगांना त्यांनी निरोप पाठवला की कुणीही गाणं ऐकायचं नाही. आपल्या माणसांनी आपलं गाणं ऐकू नये म्हणून हात जोडणारा कलावंत माझ्या पाहण्यात हा एकच. आणि माणसांनीही ते पाळलं. कितीतरी आठवडे ते गाणं कुणीही ऐकलं नाही.

मीही ऐकलं नाही. पण त्याच सुमारास मला बायकोबरोबर सुरतला जावं लागलं. ती साड्यांच्या दुकानात आणि मी बाहेर बाकावर, कुठूनतरी मागांचा आवाज येत होता. मला त्या धाकट्याची आठवण आली. इथेच कुठेतरी असेल, कानात बोंडं घालून. आपल्याकडे ऐकलं नाही म्हणजे झालं, असा विचार करून मी ते गाणं लावलं. एकदाच. चारही रिकाम्या जागा ऐकल्या आणि बंद केलं. कुठल्या शहरात किती जणांनी ऐकलं याचा आकडा ऍप गाणाऱ्याला दाखवतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

परत आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी साडू धुळ्याहून मोटारसायकलने जळगावात. हेल्मेटही न काढता त्यांनी मोबाईल माझ्या नाकाशी धरला. "पाव्हना, देखा. सुरत, एक." मी पाहिलं. बाकी पडदा कोरा होता. "तोच शे. दुसरा कोन ऐकी?" असं म्हणून ते आमच्या सोफ्यावर बसले, आणि गेल्या वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पाठ टेकली. डोळे मिटले. बायकोने चहा आणला तो त्यांनी बसून प्यायला. आता सांगा, त्या वेळी मी काय बोलायला हवं होतं? खरं सांगायचा मला धीर झाला नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

महिनाभर ते सुखात होते. दुकानात स्टूल ओढून बसायचे म्हणे. अक्का फोनवर म्हणाल्या, माणूस आजारी तर नाही ना? मग एका सकाळी साडूंचा फोन आला, आवाज पार उतरलेला. सुरतला दोन झाले होते. "एक व्हता तवर तो व्हता," ते म्हणाले. "आते दोन व्हयनात. म्हंजे कोनीबी ऐकी राहिना. तो नही."

मी बाहेर गॅलरीत गेलो, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. बाक, साड्या, माग, एकदाच. साडूभाऊ, पहिला मी होतो. त्यानंतर मी सुरतला गेलेलो नाही.

शिव्या येतील म्हणून मी वाट पाहत होतो. पलीकडे मोटारीचं चाक फिरत होतं, ते थांबलं.

"मंग," ते हळूच म्हणाले, "दुसरा कोन?"

मला माहीत नाही, असं मी म्हणालो, आणि ते खरं होतं. अक्कांनी जावेला सांगितलं असेल, किंवा गाणं कुठल्याशा यादीत आपोआप सरकलं असेल. मी चौकशी केलेली नाही आणि साडूंनीही केली नसावी. त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली. "पाव्हना, आते तुम्ही सुरतले जाऊ नका."

पण बायकोच्या माहेरचं अर्धं गणगोत तिकडे आहे, जावं तर लागतंच. साडू पुन्हा खुर्चीच्या कडेवर आले आहेत. दिवसातून किती वेळा तो पडदा उघडतात कोण जाणे, आणि फोन वाजला की अक्कांच्या आधी धावतात. भावाचा फोन अजून आलेला नाही. मी गेल्या वर्षात तीनदा सुरतला जाऊन आलो. गाडीने गुजरातच्या हद्दीवरचं नवापूर सोडलं की मी मोबाईल बंद करून बायकोच्या पर्समध्ये टाकतो, आणि परतीच्या वाटेवर नवापूर येईपर्यंत तो मागत नाही.