कुत्र्याचा विमा आणि नाशिकचा महिना

मुलीने कुत्रा आणून सोडला तेव्हा म्हणाली होती, "आई, बस दो महीने की बात है. नवं घर मिळालं की लगेच घेऊन जाते." त्यानंतर बंगळुरूत तिने तीन घरं बदलली. कुत्रा मात्र इकडे हिंदी मुलखात, आमच्या थाटीपुरच्या घरात आहे तिथेच आहे.

पांढरा, केसाळ, मांडीत मावेल एवढा. स्वभाव जुन्या सरदार घराण्यातल्या वंशजासारखा: काम काही नाही, मान मात्र पुरता हवा. मी संडासात गेले तरी दाराबाहेर बसून रडतो. कुणी विचारलं की मी सांगते, "बिटिया का है." तीन वर्षं हेच सांगते आहे. माझी सगळी आशा त्या वाक्यात आहे.

नाशिकला माझी धाकटी बहीण एकटी राहते. मी शाळेतून रिटायर झाले तेव्हा आम्ही ठरवलं होतं की एक अख्खा महिना दोघींनी मिळून घालवायचा. सकाळी उठायचं आणि काहीही करायचं नाही. ती अजूनही दर फोनला विचारते, "ताई, येतेस ना?" आणि मी म्हणते, "बघू."

यंदा जायचं नक्की झालं होतं. महिनाभर कुत्रा हे सांभाळणार होते. पण मध्ये चंपाषष्ठी आली. आमचं कुलदैवत खंडोबा. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा कुत्र्याला घातल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. पूर्वी त्यासाठी पान घेऊन गल्लीभर कुत्रं शोधावं लागे. हा आल्यापासून ते बरं झालं होतं. मी त्याला नावापुरता घासभर देत असे. यंदा मी रोडगे भाजत होते आणि यांनी भक्तिभावाने त्याला वाटी भरून भरीत वाढलं, वर कांद्याची पातसुद्धा.

दोन-चार दिवसांत त्याने मान टाकली. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. माधवगंजातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "प्याज तो नहीं खिलाई?" कुत्र्याला कांदा विषासारखा असतो हे आमच्याकडे कुणाला ठाऊक असणार? हे म्हणाले, "खिलाई नहीं साहब, भोग लगाया था." मला वाटलं, या माणसाला इथेच सोडून घरी जावं.

सलाइनवर सलाइन लावून कुत्रा वाचला. माझं नाशिक मात्र गेलं, कारण यांच्या भरवशावर त्याला एक दिवसही ठेवायची माझी छाती होईना. शहराबाहेर कुत्र्यांचं हॉस्टेल आहे, तेही मी त्याला घेऊन बघून आले. तिथले पिंजरे पाहून तो माझ्या पायावरच बसला, आणि मी मुकाट्याने त्याला उचलून परत आणला. घरी राहायला एखादं माणूस ठेवू म्हटलं, तर यांचा पारा चढला. "मी असताना बाहेरचा माणूस कशाला?" तुम्ही आहात म्हणूनच, हे शब्द मी गिळले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

मग मुलीने कुत्र्याच्या विम्याचं काढलं. "आई, इन्शुरन्स करवून घे न. वय झालं की कंपन्या लेतीच नहीं. पैसे मी भरीन. तू बेकार में टेन्शन घेत राहतेस."

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," हे म्हणाले. तरी चष्मा लावून ऑफिसची फाइल वाचावी तशा सगळ्या अटी वाचल्या. सुरुवातीचे काही दिवस आजारपणाचे पैसे नाहीत. जुना आजार असला तर नाहीत. लसींचे नाहीत. "म्हणजे तो धडधाकट असला तरच देणार वाटतं," ते म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर खूश झाले.

मला पैशाची फिकीर नव्हती. मुलगी फोनवर सहज बोलून गेली होती, "मालक म्हणून तुझंच नाव टाक. राहतो तर तुझ्याकडेच." ते मला लागलं होतं.

मी विचारलं, "तू त्याला नेणार कधी?"

तिच्या ऑफिसात मागे कुणीतरी हसलेलं मला ऐकू आलं. "आई, तो वहाँ सेटल हो गया है न," ती म्हणाली. त्याच्याबरोबर मीही झाले, हे तिच्या डोक्यातही आलं नसेल. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

शेवटी कंपनीच्या माणसाचा फोन आला. ऑपरेशन, अपघात, कुणाला चावला तर भरपाई, असं तो पाठ म्हणत होता. मग म्हणाला, "और मैडम, देखभाल भी कवर है. कोई घर आकर कुत्ते को सँभाले, तो खर्चा कंपनी देगी."

मी खुर्चीत ताठ बसले. कंपनीने मान्य केलेल्या माणसाला हे कधीच नाही म्हणणार नाहीत. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, कागदावर आलं की ते पटतंच. मी घाईघाईने विचारलं, "मतलब मैं महीना भर बहन के यहाँ जाऊँ तो?"

"नहीं मैडम. वो तब, जब आप ख़ुद अस्पताल में भर्ती हों."

"कितने दिन?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो नियम सांगू लागला, पण माझं लक्ष नव्हतं. मला हॉस्पिटलची खाट दिसत होती. पांढरी चादर, दाराशी कुणी रडत नाही, आणि बहीण नाशिकहून धावत येऊन उशाशी बसली आहे. आम्ही दोघी काहीही करत नाही आहोत. ते चित्र मला आवडलं. किती आवडलं हे कळलं तेव्हा मी घाबरले.

"मैडम, ओनर में किसका नाम लिखूँ?"

'बिटिया का है' जिभेवर आलं होतं. कुत्रा पायावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होता.

"मेरा लिखिए," मी म्हणाले.

मुलीला कळवलं, तर ती म्हणाली, "चलो, आता मी टेन्शन-फ्री." संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, येतेस ना?" मी या वेळी 'बघू' म्हणाले नाही. "नाही गं जमायचं," म्हणाले.