माळ्यावरचा प्लग

अक्काच्या सासरी मी गेली तीस वर्षं वेडा समजला जातो. आजवर यावर मी काही बोललो नाही. आता बोलतो.

आमच्या पूर्णेच्या घरात एकच बल्ब होता आणि त्याच्या बटणाला वडलांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, म्हणजे विजेतलं सगळं कळणारा. अक्काला बघायला पिंगळीचे पाहुणे येणार होते. (आधीचे दोघं चहा पिऊन गेले ते गेलेच.) तिच्या साडीसाठी शेजारून विजेची इस्त्री आणली, पण घरात प्लग कुठं होता?

वडील ड्यूटीवर गेले तसा मी माळ्यावर चढलो. बल्बाच्या दोन वायरी तिथूनच जात. (मेन स्विच आधी बंद केला. तेवढी अक्कल होती.) त्यातली एक वायर मधोमध तोडली, दोन्ही टोकं नव्या प्लगमध्ये खोवली आणि इस्त्रीची पिन लावून मेन पुन्हा चालू केला.

इस्त्री तापेना. "तापायलीय," मी दर दहा मिनिटांनी वरून सांगत होतो. शेवटी अक्का चुरगळलेलीच साडी नेसली. संध्याकाळी वडलांनी बटण दाबलं, बल्ब लागला, पाहुणे बसले, बुद्धवंदना झाली. अक्का चहा घेऊन आली. इस्त्रीला झालंय तरी काय म्हणून मी वर पिन उपसली.

खाली अंधार.

पिन खुपसली. उजेड. योगायोग असेल म्हणून पुन्हा उपसली. (एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, असं आमचे सर सांगत.) पुन्हा अंधार. तेव्हा कळलं, की वीज इस्त्रीतून फिरून बल्बाला जातेय; आमचा बल्ब आता इस्त्रीच्या मेहेरबानीवर जळतोय. त्यात पिन ढिली, सोडली की निसटायची. मी ती दोन्ही हातांनी दाबून बसलो.

"धाकटे कुठंयत?" मुलाच्या आईनं विचारलं.

"ये रे खाली," वडलांनी हाक मारली.

"मला न्हाई येता येत."

"का? अभ्यास करायलास का?"

"न्हाई. नुसता बसलोय."

"अंधारात?"

"हां."

खरं सांगावं तर वडलांनी पाहुण्यांसमोरच चप्पल काढली असती, आणि अक्काची ही सोयरीकही गेली असती.

मग मुलाची आई हळूच आमच्या आईला म्हणाली, "कवापासून हाय हे असं?"

आई बिचारी काय सांगणार? "दुपारपासून," ती म्हणाली.

"आमच्या चुलत दिराचं बी असंच होतं. पोरीचा काय दोष त्यात?"

सोयरीक जमली. साडीकडं कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. ते गेल्यावर मी मुकाट्यानं वायर होती तशी जोडली.

तेव्हापासून अक्काच्या घरी मला जेवायला आधी वाढतात आणि कडेवर लेकरू कुणी देत नाही. अक्कानं मात्र तीस वर्षं "तुझा भाऊ बरा हाय का आता?" हे ऐकून घेतलं. मागच्या महिन्यात मला राहवलं नाही. भाऊजींना बसवून सगळं सांगितलं: वायर, प्लग, इस्त्री, दोन्ही हातांनी दाबलेली पिन.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग आत वळून अक्काला म्हणाले, "अगं, आई म्हणायची तेच खरं होतं."