जामसांवलीला मागितलेलं राज्यशास्त्र

एक बाजू बोलून झाली की शेजारची ती मुलगी उठायची, समोर जाऊन बसायची आणि तिथून स्वतःलाच उत्तर द्यायची. मी घरी साड्यांना फॉल लावते. ती मशीनच्या या बाजूला बसून म्हणायची, "काकू, समजा, भिंत तुमची हाय." मग उठून पलंगाच्या कडेवर बसायची. "आता समोरच्याचं ऐका." समोरचीही तीच. मला हसू यायचं, पण ती हसत नसे. जागा बदलली की तिचा चेहराही बदलायचा.

तुमच्या गल्लीतही अशी एखादी मुलगी असेल. बारावीपर्यंत सगळे कौतुक करतात, बारावी झाली की सगळे गप्प होतात.

मध्य प्रदेशातल्या सौंसरला आम्हा दोघींची घरं एकमेकांना लागून. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. पुढे काय शिकायचं ते तिनं आधी मला सांगितलं, कारण मी कोणाला सांगणार नाही हे तिला माहीत होतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. तिला राज्यशास्त्र घेऊन बीए करायचं होतं. त्यातही राज्यघटना आणि कायद्याचे पेपर जास्त आहेत असं कॉलेज तिनं भोपाळला शोधून ठेवलं होतं. तीन वर्षं ते, मग तीन वर्षं वकिली. मी विचारलं, सरळ वकिलीच का नाही शिकत? म्हणाली, "आधी कायदा कोण करते ते शिकते. मंग कायदा काय म्हणते ते."

आमच्याकडची मुलं शिकायला नागपूरला जातात. जवळ पडतं, भाषा आपली, नातेवाईक तिकडचे. तिचा मामाही नागपूरलाच. तरी तिला भोपाळच हवं होतं आणि त्याला थोडी मी कारण होते.

शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात मला एकदा कोर्टात साक्षीला जावं लागलं होतं. विचारत होते हिंदीत. मला समजत होतं सगळं, पण उत्तर मराठीतच यायचं आणि तेही अर्ध्यावर अडकायचं. घरी येऊन मी रडले. तिनं मला कितीतरी दिवस खोदून विचारलं, की तुमच्या मनात काय होतं आणि तोंडातून काय निघालं. शेवटी म्हणाली, "काकू, आपलं कोर्ट हिंदीत चालते. नागपूरले शिकून मी तुमच्या काय कामाची?"

घरचा विरोध बीएला नव्हता. बीए तर आमच्याकडे लग्न जुळेपर्यंत सगळ्याच मुली करतात. वडील म्हणत, "बीए घरी बसून बी होते. त्याच्यासाठी भोपाळ कशाले? अन् राज्यशास्त्र घेऊन काय नगरपालिकेत उभी राहतं?" मोहगावहून एक स्थळ आलेलं होतं. मुलगी घरून बीए करत असली तर त्यांची हरकत नव्हती. कॉलेजची प्रवेशाची मुदत जवळ येत होती, मोहगावचा होकारही जवळ येत होता. दोन्हींतलं आधी कोणतं येईल या काळजीनं ती जेवेनाशी झाली.

आणि गच्चीवर एकटी बोलू लागली. कपडे वाळत घालायला जायची ती खाली यायचीच नाही. टाकीजवळ उभी राहून मुलीची बाजू मांडायची, जिन्याच्या दाराशी येऊन बापाची. बापाचा आवाज जाड काढायची. मला माझ्या अंगणातून सगळं ऐकू यायचं. मुलगी रोज हरायची.

एक दिवस तिची आई माझ्याकडे आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "वहिनी, पोरगी एकटीच बोलून राहिली. दोन दोन आवाजात. काही बाहेरचं तं नसंल?" मी म्हटलं, अभ्यास करत असेल. ती म्हणाली, हातात पुस्तक नसतं. बापाशी बोलायची तालीम करते, हे मी सांगितलं नाही. ते सांगणं तिचं काम होतं, माझं नव्हतं.

शनिवारी आम्ही तिघी ऑटोनं जामसांवलीला गेलो, अंगातलं बाहेरचं उतरवायला लोक जातात त्या मारुतीला. वडिलांना सांगितलं, नवस फेडायचाय. आडव्या पहुडलेल्या मारुतीचं दर्शन झालं, तीर्थ घेतलं आणि आवारात बसलो. आजूबाजूला लोक आपापल्या माणसांना घेऊन बसले होते. कोणी घुमत होतं, कोणी नुसतं रडत होतं. ती मात्र भिंतीला टेकून शांत बसली होती. त्या शांतपणानंच आई जास्त घाबरली.

शेजारी बोरगावची एक म्हातारी होती, सुनेला घेऊन आलेली. तिनं आईला रीत सांगितली. "हात जोडून पूस, कोन हायेस, काय पायजे. अन् बोलाले लागलं तं मधात तोंड घालाचं नाई. पुरं बोलू द्याचं."

आईनं हात जोडले. स्वतःच्या मुलीसमोर. "कोण हायेस तू? काय पाहिजे तुले?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही हसेल किंवा चिडेल. पण जन्मात पहिल्यांदा तिला कोणी मध्ये न बोलता ऐकणार होतं, हे तिच्या लक्षात आलं असावं.

"मले राज्यशास्त्र पाहिजे," ती म्हणाली.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. साडी, नारळ, कोंबडं, लोकांच्या अंगातलं काय काय मागतं ते तिला माहीत होतं. हे नवीन होतं.

मग मुलगी बोलली. भोपाळ, वसतिगृह, कायद्याचे पेपर, नंतर वकिली, मग इथंच परत येऊन सौंसरच्या कोर्टात उभं राहणं. आईनं एकदाही अडवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर ती उठली आणि आईच्या बाजूला, आईला खेटून बसली. आवाज बदलला, आईचाच झाला. "पोरगी एकटी. गाव दूर. काही झालं तं लोक मायलेच पुसतीन. रात्री आजारी पडली तं पाणी कोण देईन? शिकून मोठी झाली अन् आपल्याले ओळखलंच नाही तं?"

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. हे तिनं कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"दोन हायेत वाटते," म्हातारी मला हळूच म्हणाली.

मी उत्तराची वाट पाहत होते. मुलगी उठून पलीकडे जाईल आणि आईच्या बाजूलाही उत्तर देईल. पण ती तिथंच बसून राहिली. मग तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "याचं उत्तर नाही माझ्यापाशी."

म्हातारी आईला म्हणाली, "देऊन टाक वो बाई, काय मांगते ते. देवाच्या दारात मांगलं."

आईनं घरी जाऊन वडिलांना तेच सांगितलं, देवाच्या दारात मागितलंय, देऊन टाका. चार दिवसांनी ते म्हणाले, एक वर्ष पाहू. त्यांना पटलं की ते भ्याले, मला कळलं नाही. मोहगावकडे मात्र बातमी पोचली, की मुलीला जामसांवलीला नेलं होतं. तिकडून होकार आला नाही, नकारही आला नाही, नुसतं बोलणं बंद झालं. आई माझ्या घरी येऊन बसायची आणि म्हणायची, "आता हिचं नाव खराब झालं, अन् वकील बी नाही झाली तं?" मी फॉल लावत राहायचे.

भोपाळची गाडी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर पकडायची होती. वडील पोचवायला सोबत जाणार होते. ते सामान लावत होते, ती खिडकीशी बसली होती. गाडी थोडाच वेळ थांबते. आई खिडकीच्या अगदी जवळ गेली. मला वाटलं, जेवत जा, फोन करत जा, असं काही सांगेल. तिनं आधी डब्यात नजर टाकली, वडिलांची पाठ होती. मग खिडकीच्या गजांजवळ तोंड नेऊन, मुलीशी नाही, मुलीच्या आत जो कोणी आहे असं तिला वाटत होतं त्याच्याशी हळूच बोलली.

"तू जो कोणी असशील तो अस. पण तिकडे तिले सोडून जाऊ नको."

आणि डोकं वाकवून उभी राहिली.

मुलीचे ओठ हलले. मी तिच्याकडे पाहत होते, मनात म्हणत होते, आत कोणी नाही हे आता नको सांगूस. तिनं गजांतून हात बाहेर काढला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. गाडी हलली तशी आई हाताखाली दोन पावलं चालली.