शीलाकाकूंच्या कुरडया

मंगळवारी सकाळी नऊ वाजता आमच्या शेजारच्या शीलाकाकूंच्या कुरडया काळ्या पडल्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून त्यांनी गच्चीवर नुकत्याच घातल्या होत्या. वीज केंद्राच्या चिमणीची राख त्यांवर येऊन बसली. काकू एकेक ओली कुरडई फुंकत होत्या. मी चिडले, तर म्हणाल्या, "अगं, चूक माझीच. वारा बघून घालायला हव्या होत्या."

चूक म्हणे यांची! आमच्या वस्तीत बायका आता वाळवणाआधी ऊन बघत नाहीत, धूर कुठे वळलाय ते बघतात. खाली एक साडी अंथरून वाळवण घातलं, की त्यावर दुसरी साडी पांघरतात.

मी त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. ही जड राख, म्हणून खाली पडली आणि दिसली. बारीक कण दिसत नाहीत, ते सरळ छातीत उतरतात. काकूंच्या नातीला दमा आहे. तिच्यावर कुठली साडी पांघरायची? आणि त्याच धुरातला जो वायू वरच साठून राहतो, तो दरवर्षीचं ऊन आणखी तापवतो.

परवा दुसऱ्या चिमणीसाठी जनसुनावणी आहे. मांडवात मागे बसून चहा पिऊन परत जाऊ नका. उठा आणि वीज केंद्राच्या साहेबांना तोंडावर विचारा, पहिल्या चिमणीची राख अडवणारं यंत्र बंद का असतं?